रात्रपाळीच्या वहीत काय लिहायचं

बेळगाव

चि. सुवार्ता हिस,
आईचा सप्रेम सलाम.

मलावीच्या नर्सिंग कौन्सिलचं तुझं रजिस्ट्रेशन आलं, हे बरं झालं. त्याआधी मिशनच्या लोकांनी कितीही गळ घातली असती तरी सुईला हात लावायचा नव्हता.

तू जातेस ते तिथलं अनाथालय म्हणजे लहान मुलांचा छोटा पेडियाट्रिक वॉर्डच, असं धरून जाऊ नकोस. वॉर्डात खाटेशेजारी आई बसलेली असते. बाळानं दूध ओढलं नाही, लंगोट कोरडा राहिला, रडणं मंद झालं, हे डॉक्टरच्या आधी तिला कळतं. इथं तीच नसते. तीन पाळ्यांच्या बायका येतात-जातात आणि प्रत्येकीला वाटतं, आधीचीनं पाजलं असेल. त्या बायका कामचुकार नसतात. एका पोरावर दिवसभर एकच डोळा नसतो, एवढंच. म्हणून पहिल्या आठवड्यात औषधाच्या कपाटाआधी वही लाव.

प्रत्येक तान्ह्याचं वेगळं पान. रकाने थोडेच: वेळ, किती मिली दिलं, किती प्यालं, उलटी, लघवी, शी, पाजणारीचं नाव. ‘चांगलं प्यालं’ असं लिहू द्यायचं नाही, ‘७५ पैकी ४०’ असंच. सहा महिन्यांखालच्या बाळाला दिवसाला साधारण किलोमागे १५० मिली दूध लागतं. म्हणजे चार किलोच्या बाळाला ६०० मिली, आठ वेळा पाजलं तर एका वेळी ७५. सलग दोन वेळा निम्मं राहिलं तर ताप नसला तरी बाळ तुला दाखवायचं, हे बायकांना ठरवून दे. लहान बाळाचा आजार पुष्कळदा तापाआधी दुधात दिसतो. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेताना वही उघडून, खाटेपाशी उभं राहून घ्यायची. दारातून ‘सगळं ठीक’ असं ऐकून नाही.

दुधाची पावडर निर्जंतुक नसते, हे कितीतरी शिकलेल्यांनाही माहीत नसतं. उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांखाली जाण्याआधी पावडरीवर पडलं पाहिजे. मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. कोमट पाण्यातच पावडर ढवळायची आपली सवय तिथं चालवू नकोस. किती पाण्याला किती चमचे हे डब्यावर वाच, कंपनीगणिक बदलतं. चमचा सपाट, दाबून भरायचा नाही. उरलेलं दूध दोन तासांनी ओतून टाकायचं. महिनाअखेरीस पावडर कमी पडते आणि स्वयंपाकघरात गुपचूप पाणी वाढतं. सगळ्याच बाळांची वजनं एकदम अडली तर आधी डबे मोज, मग जंतांचा विचार कर. आणि बाटलीपेक्षा वाटी बरी. बाटली उशीला टेकवून बाई दुसऱ्या बाळाकडं गेली की ठसका लागतो, कानही फुटतात.

वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगानं, पाजण्याआधी. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना दंडाचा घेर मोजायची पट्टीही लाव: डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी आवळायची नाही. ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. पण पट्टीवर सगळी भिस्त नको. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धर. दोन्हीकडं खळगा राहिला तर पट्टी काहीही सांगो, पोर गंभीर आहे. सुजेनं वजन वाढतं आणि वहीत ते सुधारल्यासारखं दिसतं.

मलावीत जानेवारी ते मार्च घराघरांतला मका संपत आलेला असतो, आणि पावसामुळं मलेरियाही तेव्हाच चढतो. तंबाखूवर जगणारा मुलूख, निपाणीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पैसा हातात येतो तो वर्षातून एकदा. त्या दिवसांत दारात येणाऱ्या पोरांपैकी कित्येकांचे आई किंवा बाप जिवंत असतात. आणणाऱ्याचं नाव, गाव, नातं पहिल्याच दिवशी लिहून घे. पुढं घरी पाठवायचं तर तेवढाच धागा असतो.

ताप आला की आधी मलेरियाची टेस्ट, मग गोळी. पण रॅपिड टेस्ट नुकत्याच बऱ्या झालेल्या पोरात कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, म्हणून मागच्या उपचाराची तारीख बघ. आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन या मलेरियाच्या गोळीचे तीन दिवसांत सहा डोस, वजनाप्रमाणे, दूध किंवा स्निग्ध खाण्यासोबत. उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. चुकतो तो दुसरा डोस. तो पहिल्यानंतर आठ तासांनी असतो, म्हणजे संध्याकाळी सहाला सुरू केलंस तर रात्री दोनला. वहीत ‘रात्री २’ असं लाल शाईनं लिही आणि कुणाच्या हाती गोळी दिली तेही. झटके आले, पिणं बंद झालं, सगळं उलटून पडतंय, तर टेस्टच्या रेघेची वाट बघत बसायचं नाही, गाडी काढायची.

जुलाबात एक सांभाळ. आपल्याकडं दुकानात ओआरएसच्या २०० मिलीच्या बारक्या पुड्याही मिळतात. तिथं हाताशी येईल ती बहुधा एक लिटरची. इथल्या सवयीनं ती पेलाभर पाण्यात गेली तर मीठ चढून झटके येतील. लिटरची खूण केलेला एकच जग ठेव, २४ तासांनी उरलेलं फेक. झिंक रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले की बायका तेही थांबवतात. तीव्र कुपोषित पोराला मात्र नेहमीचं ओआरएस नको, त्याचं वेगळं येतं.

खरजेचं एवढंच, की मलम सगळ्यांना एकाच रात्री, काम करणाऱ्या बायकांनाही, आणि आठवड्यानं पुन्हा. एकेकाला लावत बसलीस तर वर्षभर लावत बसशील.

एचआयव्हीचं खाटेवर, दारावर कुठं लिहायचं नाही. पोराच्या हेल्थ पासपोर्टात, म्हणजे आरोग्याच्या नोंदवहीत, आहे तेवढं पुरे. पोरांचे फोटो इथल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकू नकोस. पाळक मागतील, नाही म्हण. सकाळच्या उपासनेला जरूर बस, पण औषधाची वेळ झाली की उठ. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

तिथली भाषा, चिचेवा, कागदावरून शिकत बसू नकोस. बाजारात कन्नड शिकलीस तशीच स्वयंपाकघरात शीक, बायकांशी तिथंच जमेल.

मच्छरदाणी रोज गादीखाली खोच. मलावी सरोवराच्या काठच्या लव्हाळ्यांत पाय घालायचा नाही, बिलहार्झिया हा कृमींचा आजार होतो. गेलाच पाय पाण्यात, तर सहा-आठ आठवड्यांनी प्राझिक्वांटेल या त्यावरच्या औषधाबद्दल विचार. लगेच घेऊन उपयोग नाही, ते वाढलेल्या कृमींवरच चालतं.

तुमचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं. फोन तुझी ड्यूटी संपल्यावर कर, मी जागी असेन. वजनकाट्याचे सेल कोणत्या मापाचे ते कळव, इथून येणाऱ्यांबरोबर पाठवते.

तुझी आई