मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. मुलीकडे न्यूयॉर्कला जायला किती तास लागतील यासाठी तू केलेला 'अंतर भागिले वेग' हा हिशोब शाळेच्या पेपरात चालेल, विमानाला नाही. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ सरळ अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलंस की चौदा तास येतात. वेळापत्रकात मात्र जाताना सोळाच्या आसपास तास दिसतील.

आधी अंतराचं बघ. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी जाते आणि ती भरते १४,२०० किलोमीटर. घरातल्या ३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धर. तो साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल आणि वर सरकून थेट नॉर्वेवरून जाईल. खरा जवळचा रस्ता तोच. एका संकेतस्थळावर ६,७७० आणि दुसऱ्यावर ७,७९० दिसलं तर गोंधळू नकोस, पहिले सागरी मैल (१.८५२ किमी), दुसरे साधे.

आता वरचे दोन तास. दोऱ्याच्या वाटेने विमान क्वचितच जातं. रशियाची हवाई हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद; पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केली. मग वळसा आलाच. शिवाय उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरनेही. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर, म्हणून परतीला तास-दीड तास वाचतो. आणि वेळापत्रकातला वेळ हा गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगेत रांगणंही त्यातच.

दुबईमार्गे गेलास तर अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढतं (१,९३० अधिक ११,०२०). वेळ मात्र मधल्या थांब्यात जातो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू देत आणि मध्ये अडीच-तीन तास ठेव. वहिनींचे गुडघे बघता मला हा थांबा सोयीचाच वाटतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं. जानेवारीत इथून रात्री दोनला निघून सोळा तास उडालास, की आपल्याकडे संध्याकाळचे सहा, तिथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसात.

सगळ्यात घात करते ती मध्यरात्रीनंतरची तारीख. तिकिटावर '१५ तारीख, ०२:००' असेल तर घरून १४ च्या संध्याकाळी निघायचं. १५ च्या रात्री विमानतळावर पोचणारे कमी नाहीत, आणि तोवर विमान गेलेलं असतं!

मुलीचं घर न्यू जर्सीतल्या एडिसनला ना? मग जेएफकेपेक्षा नेवार्क बघ. हवेतलं अंतर जवळजवळ तेवढंच, पण ते विमानतळ न्यू जर्सीतच आहे. जेएफकेहून अख्खं न्यूयॉर्क ओलांडून यावं लागतं.

तारखा ठरल्या की कळव.

तुझा,
मोहन