दिवेघाटात थांबलेल्या माउलींना

दिवेघाटाच्या चढावर बाबा कोसळले तेव्हा आम्ही दिंडीत बरेच मागे होतो. कुणी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी उपरण्याने वारा घातला. रुग्णवाहिकेला वाट द्यायला अख्खी दिंडी कडेला सरकली. बाबा वाचले नाहीत.

सासवडच्या मुक्कामी एक मावशी त्यांची पिशवी घेऊन आम्हाला शोधत आल्या. आत चष्मा, बुक्क्याची डबी आणि आईसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या. एसटीत ड्रायव्हर होते तेव्हाही मुक्कामाच्या गावाहून आईला काही ना काही आणायचेच. आम्हाला मात्र बहुतेकदा चिक्कीच! एकही बांगडी फुटली नव्हती. आईने त्या घातल्यात, कोण काय म्हणेल ते म्हणो.

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुम्हा सगळ्यांना आमच्या घराचा दंडवत.