चेन ती चेन नव्हे

येळ्ळूर, ता. बेळगाव

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा खळ्यावर मळणी चालू होती. मशीनच्या आवाजात धड बोलता आलं नाही. लेकीच्या छोट्या क्वाडची (शेतात पळवायच्या, मोटरसायकलसारख्या चारचाकीची) चेन सारखी सटकतेय आणि गॅरेजवाला "मोटरसायकलची घालूया की, चेन ती चेन" म्हणतोय, एवढंच कानावर पडलं. रात्री अंथरुणावर पडलो तरी तेच डोक्यात. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. ती चेन घालू देऊ नकोस.

गेल्या वर्षी भातकापणी झाल्यावर आमच्या धाकट्याच्या गाडीला इथल्या एकानं हेच केलं होतं. मूळ चेन ४२० नंबरची, त्यानं बसवली ४२८. दोन्हींच्या कड्यांमधलं अंतर सारखंच, १२.७ मिलिमीटर. म्हणून ती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर बसते, आणि बसली की माणसाला वाटतं जमलं. पण ४२० ची आतली रुंदी ६.३५ मिलिमीटर, ४२८ ची जवळजवळ ८. कडीतला गोल रोलरही जाड. त्यामुळे रोलर दाताच्या मुळाशी टेकत नाही, वरवर चढून राहतो, आणि चेन डावी-उजवी हलत राहते. चार दिवस गाडी बरी चालली. पाचव्या दिवशी पोरगं बांधावरून खाली वावरात उतरत असताना चेन सुटली आणि पुढच्या स्प्रॉकेटमध्ये अडकली. या गाडीला मागं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) नसतो, दोन्ही चाकं एकाच एक्सलवर जखडलेली असतात. चेन जाम झाली की दोन्ही चाकं एकदम थांबतात. पोरगं हँडलवरून पुढं, भाताच्या खुंटांत. हेल्मेट होतं म्हणून कोपर सोलटण्यावर निभावलं. धावत जाऊन मी त्याला उचललं तेव्हा हेल्मेटच्या कडेला चिखलाची रेघ होती. ती रेघ मला अजून दिसते रे.

कव्हर काढलं तर चेनची घडी पडलेली, आणि इंजिनच्या केसिंगचा रुपयाएवढा टवका उडालेला.

तेव्हा पहिलं काम, नंबर बघ. चेनच्या बाहेरच्या पट्टीवर तो कोरलेला असतो, रॉकेलच्या फडक्यानं पुसलास की दिसेल. ११० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२० असते, ४९ सीसीच्या अगदी लहान गाड्यांना त्याहून बारीक. जुनी गाडी घेतली आहेस, आधीच्या मालकानं काय बसवलंय कोण जाणे. स्प्रॉकेटवरही नंबर असतो, दोन्ही जुळतात का बघ.

नंबर बरोबर निघाला तर चेन मोजायची. गाडी बंद, किल्ली खिशात, मागचा भाग लाकडी ठोकळ्यावर. चेनची खालची बाजू ताणून धर आणि एका पिनच्या मधोमधपासून एकविसाव्या पिनच्या मधोमधपर्यंत टेप लाव. म्हणजे वीस कड्या होतात. नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ च्या वर गेली तर ती ओढली गेली, काढून टाक. आमची जुनी २६१ भरली होती. दुसरी खूण म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या मागल्या टोकाला चेन बोटानं बाहेर ओढून बघ. अर्धा दात उघडा पडला तर चेन गेली. दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले असतील तर स्प्रॉकेटही गेलं. जुन्या दातांवर नवी चेन घालून पैसे वाया घालवू नकोस, ते दात तिला महिन्यात खातात. आमचं मागचं स्प्रॉकेट बाजारात मिळेना. मग जुनं नमुन्याला नेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या टर्नरकडून करून घेतलं. मधलं भोक आणि बोल्टांची जागा त्यानं केसभरही चुकवली नाही. लागलं तर तुझंही तिथंच करून आणू.

आता ताण. इथं फार जण चुकतात. चेन सगळीकडं सारखी सैल नसते. चाक हातानं हळूहळू फिरवत जा, एका जागी ती जास्त घट्ट लागेल. तिथं खडूनं खूण कर आणि सैलपणा तिथंच मोज. शिवाय मोजताना ठोकळा काढून लेकीला सीटवर बसव. वजन पडलं की मागचा आर्म (मागचं एक्सल धरणारा दांडा) वर जातो आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ताण लावलास तर ती बसल्यावर चेन तारेसारखी होते आणि बेअरिंग मरतं. आमच्या गाडीला मधोमध वर-खाली २० मिलिमीटर बरोबर पडतं. तुझ्या गाडीची पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा खरा मान. एक्सलचं बेअरिंग धरणारे बोल्ट ढिले कर, अ‍ॅडजस्टर थोडा थोडा फिरव, बोल्ट आवळ आणि पुन्हा मोज. आवळताना ताण बदलतो, म्हणून हे दुसऱ्यांदा मोजणं चुकवू नकोस.

चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप नीट बघ. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उलटी बसली आणि कशाला घासली तर ती निघून पडते.

धुवायला रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश बास. तारेचा ब्रश नको, पेट्रोल नको. फडक्यानं कोरडी करून ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं, रोलरवर थेंब थेंब सोड आणि वरचं पुसून काढ. चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा ऑइल आत शिरतं. चेनला ग्रीस थापू नकोस. आमच्याकडं राजहंसगडाच्या वाटेची तांबडी माती ग्रीसला धरते आणि चेन कानशीसारखी घासते. तुमची निपाणीची काळी माती तर त्याहून चिकट. आणि इंजिन चालू ठेवून कुणी फडकं लावायचं नाही, वहिनींनाही हे सांगून ठेव. चेन बोट नेते.

हवेचंही बघ. या टायरला साधारण दोन ते चार पीएसआय पुरते, टायरवर छापलेलं असतं. पंपावरच्या पोरानं मोटरसायकलसारखी भरली तर गाडी चेंडूसारखी उडते. थ्रॉटलखालचा वेग मर्यादेत ठेवणारा स्क्रू अजून सहा महिने तरी काढू नकोस. गाडी शेतातच राहू दे. तुमच्या दारावरून महामार्ग जातो, तिकडं तिचं चाकही वळता कामा नये.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. चेन तोडायचं हत्यार आणि ४२० चं एक चेन लॉक घेऊन येतो. तोपर्यंत गाडी गोठ्यातच उभी ठेव, लेक रुसली तरी. आणि मी आल्यावर तिला शेजारी बसव. कड्या तिलाच मोजायला लावू, आमच्या धाकट्यानंही तेच केलं होतं. आता दर शनिवारी टेप तोच काढतो.

काकूंना नमस्कार, लेकीला गोड पापा. नवे तांदूळ आणतोय, वहिनींना डबा रिकामा ठेवायला सांग.

तुझाच,
येळ्ळूरकर