चतुर्थीच्या आधी परड्यात तणनाशक मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी जवळ आली की आमच्या मालवण भागात एकच गडबड असते, मुंबईचे चाकरमानी यायच्या आधी घर, खळं (अंगण), परडं (घरामागची बाग) सगळं चकाचक पाहिजे, आणि हल्ली चकाचक म्हणजे पाठीला पंप लावायचा आणि तणनाशक मारायचं. आठ-दहा दिवसांत सगळं पिवळं. त्यात तेरडा पण जातो आणि मग त्याच तेरड्याच्या जुड्या माटवीला (गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला) बांधायला बाजारातून पैसे देऊन आणायच्या. हे बघून खरंच जीव तुटतो म्हणून लिहितोय.

आमच्याकडून झालेली चूक पण सांगतो. आमचा चिऱ्याचा जुना गडगा (कुंपणाची भिंत) होता, तीन वर्षांपूर्वी त्याला सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. त्याच्या एका फटीत पोयाच्या माश्या होत्या, म्हणजे छोट्या मधमाश्याच, मुंगीएवढ्या, काळ्या, डंख अजिबात नाही, फटीतून मेणाची बारीकशी नळी बाहेर आलेली आणि तिच्या तोंडाशी दिवसभर ये-जा. गवंड्याने ती फट लिंपून टाकली, माझ्या लक्षात पण आलं नाही. पुढच्या पावसात मांडवावर भोपळ्याला फुलं भरपूर, पण आई रोज म्हणायची, "फुला येतत, पण धरणा नाय." भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि दुपारच्या आत मिटतं, तेवढ्यात माशी आली नाही तर मादी फुलाच्या खालचा कोवळा भोपळा पिवळा पडून गळतो. शेवटी नर फूल तोडून, पाकळ्या काढून मीच ते मादी फुलांवर फिरवायला लागलो, तेव्हा कुठे चार भोपळे लागले. जे काम माश्या फुकट करत होत्या ते रोज सकाळी उठून करून बघा म्हणजे कळेल.

आणि फक्त गडगा नाही, खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवले की मातीत बिळं करून राहणाऱ्या माश्यांची जागा गेली, सुकलेली फांदी आणि जुना बांबू जाळला की भुंग्यांचं घर गेलं. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली की लोक लगेच औषध मारतात, पण ती कदाचित ब्ल्यू मॉरमॉनची असते, 2015 मध्ये आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं तेच! चार पानं खाईल, मोठ्या झाडाला काही होत नाही. आंब्याचं पण तेच, मोहरावर मधमाश्यांपेक्षा घरात दिसतात तसल्या साध्या माश्याच जास्त काम करतात, मोहर ऐन फुललेला असताना फवारलं तर आधी त्याच मरतात.

मी यंदा गडग्याच्या मागच्या बाजूचं प्लास्टर फोडून काढलंय. पोयाच्या माश्या अजून आल्या नाहीत, पण एका भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय आणि ती अळ्या पकडून आत नेताना दिसते. परड्याचा एक कोपरा पातेऱ्यासकट (गळलेल्या पानांसकट) तसाच ठेवलाय, तिथे बेडूक आहेत, सापसुरळ्या आहेत.

ग्रामपंचायतींना पण विनंती आहे, पाणंदीवर औषध मारू नका, चालण्यापुरता ग्रासकटर फिरवा आणि कडेचा तेरडा राहू द्या, माटवीला लागतो तेवढा तिथेच मिळेल.

आपला एक वाचक,
ता. मालवण