हनिफारूच्या गाईडदादांना

दादा,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणजे हे पत्र तुमच्याऐवजी पुढे हनिफारूला जाणाऱ्यांच्याच हाती पडणार. पडू दे. तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

मालदीवच्या बा अटॉलमधल्या (कंकणाकृती प्रवाळबेटांमधल्या) त्या खाडीत आम्ही मांटा नावाचे अवाढव्य, सपाट मासे बघायला आलो होतो. तिथे स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी लावून बुडी मारायला, मनाई आहे, फक्त स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून तरंगायचं, हे कळल्यावर बोटीवरचे काहीजण खट्टू झाले. मी मनातून सुटले! खोल पाण्याची माझी धास्ती तुम्ही न सांगता ओळखलीत आणि तरंगती रिंग माझ्या हाती दिलीत.

नियम सगळेच सांगतात. तुम्ही प्रत्येकाचं कारण सांगितलंत. हात लावायचा नाही, कारण कातडीवरचा बुळबुळीत थर मांटाला जंतूंपासून वाचवतो. समोर जायचं नाही, कारण वाट अडली की तो चरणं सोडून निघून जातो. पाणी गढूळ म्हणून कुरकुर झाली, तर तुम्ही हसून म्हणालात, गढूळ आहे म्हणूनच ते इथे आलेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत प्रवाहाबरोबर त्यांचं खाणं, म्हणजे प्लँक्टन (पाण्यात वाहणारे बारीक जीव), खाडीत शिरतं आणि तिथेच कोंडतं.

मग ती आली. पंखांचा पसारा तीन मीटर तरी असेल. तोंड सताड उघडं, डोक्यापुढच्या दोन पाळ्या उलगडून पाणी आत वळवत. पाकटांच्याच कुळातली, पण शेपटीला विषारी काटा नाही. माझ्या खालीच तिने उलटी कोलांटी घेतली आणि पांढरं पोट दिसलं. पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे निराळे आणि जन्मभर टिकणारे. त्यावरून तुम्ही तिला ओळखलंत, गाभण आहे हेही सांगितलंत. साधारण वर्षभर पोटात वाढवायचं ते बहुतेक एकच पिल्लू, आणि मग काही वर्षं खंड. कल्ल्यांतल्या चाळणीच्या पट्ट्या विकण्यासाठी जे मांटा मारले जातात, त्यांची भरपाई या वेगाने कशी व्हायची? 2013 साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या साइट्स कराराने या व्यापारावर बंधनं घातली, तीही उशिराच म्हणायची.

ही चाळणी तुंबत कशी नाही, हे मी परतताना विचारलं. दमलेले असूनही तुम्ही हातवारे करून समजावलंत: प्लँक्टनचे कण फटींत अडकतच नाहीत, पट्ट्यांवर आपटून उडतात आणि घशाकडे जातात, पाणी तेवढं फटींतून बाहेर पडतं. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर!

आणि हो, सेल्फीची काठी घेऊन मांटामागे सुटलेल्या त्या गृहस्थांना आवाज न चढवता, दंड धरून बोटीवर आणलंत, त्याबद्दल वेगळे आभार. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला अडवणं सोपं नसतं.

पोटाचे दोन फोटो बरे आलेत. तुमच्या नोंदींसाठी पाठवते आहे. दुसऱ्यातली कोण, ते ओळखता आलं तर कळवा.

आपली आभारी,
रिंग न सोडणारी