तिसरा क्वार्टर

कऱ्हाड

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलची मॅच हरल्यावर तुमच्या संघाच्या ग्रुपवर आलेले मेसेज तू फोनवर वाचून दाखवलेस, तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. मेसच्या गोंगाटात तुला धड ऐकू येत नाही आणि मला हे तुटक सांगायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

कुणी म्हणतंय मॅच रेफ्रींनी घालवली, कुणी म्हणतंय ऊन डोळ्यांवर येत होतं. बाकीच्या गप्प. मला त्या गप्प बसलेल्यांचंच जास्त लागलं. तासगावच्या त्या फर्स्ट इयरच्या पोरीनं फाउलबद्दल मिळालेले शेवटचे दोन फ्री थ्रो, रेषेवरून कुणी न अडवता मारायचे, ते घालवले आणि मॅच गेली, असं तुम्ही मनोमन ठरवून मोकळ्या झालाय. मॅच संपल्यावर ती बोर्डाच्या खांबापाशी बुटाची नाडी सोडत बसली होती. गाठ सुटत नव्हती, तरी ती नुसती ओढत होती. तुम्ही सगळ्या बाटल्या उचलून निघून गेलात. तूही गेलीस, आणि तू कॅप्टन आहेस.

आता हिशेब सांगते. मी वहीत लिहिते हे तुला माहीत आहे, तू शाळेच्या संघात होतीस तेव्हापासूनची सवय आहे. 51-53 असताना आणि अकरा सेकंद उरलेले असताना ती रेषेवर उभी राहिली, हे खरं. पण अख्ख्या मॅचमध्ये तुमच्या संघाला 21 फ्री थ्रो मिळाले आणि त्यातले 12 हुकले. तिचे दोन. तुझे चार. ती रेषा बोर्डापासून 4.6 मीटरवर असते, रिंग 3.05 मीटर उंच असते, पहिल्या मिनिटाला तेवढीच आणि शेवटच्या मिनिटाला तेवढीच. पहिल्या क्वार्टरमध्ये तू घालवलेला पॉइंट तिच्या पॉइंटएवढाच होता. तेव्हा हलगी वाजत होती, म्हणून कुणाच्या लक्षात राहिला नाही, इतकंच.

आणि मॅच गेली ती तिसऱ्या क्वार्टरमध्ये. हाफटाइमला 31-19 अशी तुमची आघाडी होती. आपलं कॉलेज, आपलं कोर्ट, सगळं हॉस्टेल बघायला आलेलं. समोर जतकडच्या मुली. त्यांच्यातली एक सोडली तर उंचीही नाही, आणि आदल्या रात्री उशिरा गाडीतून उतरलेल्या. तुम्ही धरूनच चालला होता. तो क्वार्टर तुम्ही 6-19 असा हरलात. वहीच्या त्या पानावर तुमच्या बाजूला तीन बास्केट आणि बाकी सगळं कोरं आहे.

काय झालं ते मला वरून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे स्वतःच्या रिंगपाशी न थांबता अख्ख्या कोर्टभर तुम्हाला दाबलं. बॉल आत आला की त्यांच्या दोघी तुझ्या अंगावर यायच्या आणि तू दर वेळी ड्रिबल करत साइडलाइनकडे जायचीस. तिथं तुला कोपऱ्यात दाबणं त्यांना सोपं होतं, रेषा काही हलत नाही. मधली सगळी जागा मोकळी होती आणि तिथं बॉल मागायला तुमची एकही मुलगी येत नव्हती. उंच मुली पुढं जाऊन रिंगखाली हात वर करून उभ्या. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे गेला नाही म्हणून दोनदा शिट्टी झाली, ते रेफ्रींचं काय चुकलं? बॉल गेला की परत पळायला कुणी नाही, आणि त्यांची ती सात नंबरची पोरगी एकटी जाऊन ले-अप टाकून यायची. मग चौथ्या क्वार्टरमध्ये तुम्ही घाईनं हात मारायला लागलात. संघाचे चार फाउल लवकरच भरले, आणि पाचव्यापासून प्रत्येक फाउलवर त्यांना दोन थ्रो.

त्या मुली फार चांगल्या खेळल्या, माऊ. चाळीस मिनिटं कुणी चालताना दिसली नाही. बारा पॉइंटनं मागं असताना एकमेकींवर ओरडली नाही. तुमच्या ग्रुपवर त्यांचं कौतुक करणारा एकही मेसेज नव्हता, ते मला आवडलं नाही.

सरांनी रोज मैदानाला जादा फेऱ्या लावल्यात असं तू म्हणालीस. सरांचा मान ठेवून सांगते, फेऱ्या मारून प्रेस सुटत नाही. दम तुमच्याकडे होताच, पहिल्या दोन क्वार्टरमध्ये दिसला. आपल्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले, 1948 ला लंडनला मॅटवर उतरले आणि सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी त्या मॅटच्या कुस्तीची तयारी केली आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. जे उघडं पडलं, तेच घोटायचं. तुमचं उघडं पडलंय प्रेसमध्ये आणि फ्री थ्रोच्या रेषेवर. पाचजणींना प्रेस लावायला सांगा आणि रोज अर्धा तास फक्त बॉल पुढं न्यायचा. आधी पास, मग ड्रिबल, आणि एक उंच मुलगी मध्ये आलीच पाहिजे. फ्री थ्रो दमल्यावर मारा, ताज्या हातानं नको.

तूच मला व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मुलांचं सांगितलं होतंस, आठवतंय? 2018 ला अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेत पहिलं मानांकन असून ते सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून 74-54 असे हरले. पुरुषांच्या त्या स्पर्धेत असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. हाफटाइमला स्कोअर 21-21 होता, म्हणजे तेही दुसऱ्या हाफमध्येच कोसळले. पुढच्या वर्षी ते तीच स्पर्धा जिंकले हे सगळे सांगतात. मला त्यातली पहिली मॅच महत्त्वाची वाटते. पुन्हा पहिलं मानांकन, पुन्हा समोर सोळावं, गार्डनर-वेब, आणि पुन्हा हे 14 पॉइंटनं मागं. सगळं जग बघतंय की आता परत तेच होणार. त्या वेळी ते विस्कटले नाहीत, 71-56 नं जिंकले. पुढं सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद उरले असताना दोन पॉइंटनं मागं होते आणि काइल गाय तीन फ्री थ्रो मारायला उभा राहिला. आदल्या वर्षी हरलेल्या संघातलाच तो मुलगा. तिन्ही आत गेले. त्याला त्या रेषेवर संघानं विश्वासानं उभं राहू दिलं होतं, हे मला त्यात दिसतं.

म्हणून तासगावच्या पोरीकडे आज जा, उद्या नको. समजूत घालायला जाऊ नकोस, ते तिला नको असेल. बॉल घेऊन जा. ती मारेल तेव्हा तू रिंगखालून बॉल परत दे, तू मारशील तेव्हा ती देईल. आणि ग्रुपवर तुझे चार हुकलेले तू स्वतः लिही. कॅप्टननं लिहिलं की बाकीच्यांचे आठवायला लागतील. ऊन आणि रेफ्री आपोआप मागं पडतील.

तिसऱ्या क्वार्टरच्या पानाचा फोटो पाठवते, सरांना दाखव. आणि झोनल स्पर्धेचा ड्रॉ निघाला की लगेच कळव. जतच्या मुली तुमच्याच बाजूला आल्या तर ती मॅच मला चुकवायची नाही, रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो.

तुझी,
आई