चावी देतानाच पट्टा लावायला शिकवा

महोदय,

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवर भरभरून लिहिलं जातं, आणि ते लिहायलाच हवं. पण त्याच रस्त्याने येणाऱ्या गाड्यांत मागे बसलेल्या कुणी पट्टा लावलेला नसतो, यावर चकार शब्द नाही. चाकरमान्यांना नावं कशाला ठेवा, आम्ही कुडाळ-कणकवलीकर तरी कुठे वेगळे! 'हयच तर जावचा हा, पट्टो कित्याक?' हे उत्तर ठरलेलं. पुढचे दोघे पोलीस दिसला की पट्टा ओढून घेतात, तेवढंच.

दंड वाढवा असं मी म्हणणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब खाली 1000 रुपये दंड आहेच, आणि मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचाच आहे. माझं म्हणणं शोरूमबद्दल आहे. पूर्वी नवी कोरी गाडी पासिंगला आरटीओकडे न्यावी लागे. आता नोंदणीचं काम विक्रेत्याकडूनच होतं. म्हणजे ओरोसच्या कार्यालयातल्या साहेबांची आणि नव्या मालकाची गाठच पडत नाही. गाठ पडते ती शोरूममधल्या मुलाशी.

पाडव्याला किंवा दसऱ्याला एखाद्या शोरूममध्ये उभं राहून बघा. आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर आलेलं असतं. बॉनेटवर हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा पुडा, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी धरून फोटो. मुलगा मोबाइलचं ब्लूटूथ जोडून देतो, सहा एअरबॅग आहेत हे दोनदा सांगतो. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीने काम करते, पट्ट्याऐवजी नाही, हे मात्र सांगत नाही. मागचे पट्टे दाखवणार तरी कसा? तिथेच चढवलेल्या महागड्या सीट कव्हरखाली बकलं गडप झालेली असतात. ओळखीच्यांच्या एका गाडीत मी कव्हरच्या फटीत बोटं घालून शोधली. कडेचं एक हाताला लागलं, मधलं शेवटपर्यंत नाही.

4 सप्टेंबर 2022 ला आपल्याच पालघरमध्ये, चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी चांगली भारीतली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. तेव्हा महिनाभर चर्चा झाली आणि विरली.

विक्रेत्यांना लागणारं व्यवसाय प्रमाणपत्र आरटीओच देतं. तेव्हा आरटीओ आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने शोरूमवाल्यांना एकदा चहाला बोलवावं आणि ठरवून टाकावं: बकलं झाकणारं कव्हर विकायचं नाही. पट्ट्याचा बीप बंद करणारी क्लिप तर नाहीच नाही. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली, मग दुकानाच्या काउंटरवर तरी ती कशाला हवी? आणि चावी हातात देण्याआधी घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागी बसवून पट्टा लावून घ्यायचा. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यायचा. वरचा खांद्यावरून, काखेतून नव्हे. हे आजीला एकदा हाताने करून दाखवलं की पुढच्या वेळी तीच नातवाला दटावेल. पुठ्ठ्याच्या चावीचा फोटो काढतात तसा सगळे पट्टा लावून बसल्याचाही एक काढावा, व्हॉट्सॲपवर तोही फिरेलच.

'गिऱ्हाईक कंटाळतं' असं विक्रेते म्हणतील. मुहूर्तासाठी तासभर ताटकळणारं गिऱ्हाईक आणखी पाच मिनिटांनी कंटाळत नाही. दसऱ्याचं बुकिंग सुरू व्हायच्या आत ही बैठक व्हावी, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात पट्टे धड चालतात की नाही हे कोण बघतं, तो आणखी वेगळाच विषय.

— एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)